तिसरा मजला, विटाव्याचं पाणी आणि एक विजेची सायकल

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

घर कळव्यात, नोकरी महाप्याच्या एमआयडीसीत. रस्त्याने अंतर साधारण ११ किलोमीटर. ट्रेनने जायचं तर आधी उलटं ठाण्याला जायचं, पूल चढून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर यायचं, ट्रान्स-हार्बरने घणसोलीला उतरायचं आणि तिथून शेअर रिक्षा. दारापासून दारापर्यंत सव्वा तास, तोही रिक्षा लगेच भरली तर. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग व्हायचा तेव्हा होईल. घरात स्कूटर आहे, पण ती बायको शाळेत घेऊन जाते.

म्हणून विजेवर चालणारं काहीतरी घ्यायचं ठरवलं. वहीत एका पानावर मागण्या लिहिल्या: रेंज, स्पीड, मोटर, किंमत. बायकोने पान वाचून एवढंच विचारलं, "रात्री ठेवणार कुठे?"

बिल्डिंग जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्यावर. पार्किंग म्हणजे मीटररूमच्या बाजूची चिंचोळी जागा. तिथे प्लग नाही. पानावर सगळ्यात वर लिहायचं कलम मी लिहिलंच नव्हतं.

९ फेब्रुवारी

ई-स्कूटर बाद. खाली चार्जिंग नाही. काही मॉडेलची बॅटरी काढून वर नेता येते, पण असली एक बॅटरी ठाण्याच्या शोरूममध्ये दोन्ही हातांनी उचलून पाहिली आणि तीन मजले आठवले. शिवाय साखर काठावर आहे, डॉक्टरांनी हातपाय हलवायला सांगितलंय. पॅडल हवंच.

मग ई-सायकली. हिरो लेक्ट्रो, ई-मोटोराड, आणखी दोन-तीन, मिळतील त्या चालवून पाहिल्या. चालायला सगळ्याच गोड. पाय एकदा फिरला की मागून कोणीतरी ढकलल्यासारखं वाटतं आणि माणूस आपोआप हसतो. त्यानंतर मी सायकल उचलून पाहिली. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता. बहुतेक सायकली २० ते २५ किलोच्या घरात.

कायद्याचं एक कलम इथेच नोंदवतो, कारण दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो. मोटर २५० वॉटपेक्षा कमी, मोटरवरचा वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत, असं असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती गाडी 'मोटार वाहन' धरत नाहीत. लायसन्स नको, नंबरप्लेट नको. एका दुकानदाराने "साहेब, सगळे ३५० चीच नेतात, कोण बघतंय" असं म्हणून मोठी मोटर पुढे केली. ठाणे-बेलापूर रोडवर रोज कंटेनरच्या शेजारून जायचंय. उद्या काही झालं तर विमा कंपनी काय म्हणेल, ते त्या दुकानदाराला विचारायला जाता येणार नाही. २५० च्या आतच थांबायचं.

१६ फेब्रुवारी

ऑफिसातल्या एकाची तीन वर्षांपूर्वीची ई-सायकल निम्म्याहून कमी किमतीत मिळत होती. दिसायला नवीकोरी, बॅटरी मेलेली. मला वाटलं, बॅटरीच बदलायची ना. पण ती फ्रेमच्या पाइपाच्या आत बसते, आकार त्या कंपनीचा स्वतःचा, आणि आता त्या आकाराची बनतच नाही. कंपनीला फोन केला तर नवीन मॉडेल घ्या म्हणाले. या नादात रविवारच्या दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून कोणतीही सायकल पाहिली की पहिला प्रश्न एकच: बॅटरी बाहेर निघते का, आणि दुसऱ्या कुणाची बसते का?

२२ फेब्रुवारी

गॅलरीत चार वर्षं टॉवेल वाळवायला वापरलेली माझी जुनी गिअरची सायकल आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, दोन्हीकडे तारेचे डिस्क ब्रेक, वजन साडेचौदा किलो. तिलाच किट बसवायचं ठरलं.

मोटर कुठे बसवायची यावर तीन रात्री गेल्या. पुढच्या चाकात बसवणं सोपं, पण माझा पुढचा चिमटा (फोर्क) सस्पेन्शनचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा. मोटर सुरू होताना आस (चाकाच्या मधला दांडा) उलटा फिरायला बघतो, तो जोर या चिमट्याच्या खाचांनी झेलायचा नसतो. पॅडलपाशी बसणारी मोटर चढावर सगळ्यात चांगली, पण महाग, आणि सगळा जोर चेनवर येतो. राहिलं मागचं चाक. त्यातही आत गिअर असलेली हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) घेतली, कारण तिच्यात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. बॅटरी संपली तर चाक साध्या सायकलसारखं मोकळं फिरतं. बिनगिअरची मोटर बंद पडली की ओझ्यासारखी मागे ओढते.

चाकाचा आकार टेपने मोजू नका. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत आकडा असतो. माझ्या टायरवर ५४-५८४ आहे, म्हणजे २७.५ इंची. ५५९ म्हणजे २६ इंची, ६२२ म्हणजे २९ इंची. फ्रेमच्या मागच्या, आस बसतो त्या खाचांमधलं अंतर १३५ मिलिमीटर. हे सगळं नीट मोजून ऑर्डर दिली आणि स्वतःवर खूश झालो.

१ मार्च

बॅटरी वेगळी घेतली, समोर बघून. ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये सेलचे दहा गट एकापुढे एक असतात, पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवतो. पहिल्या दुकानात '१३ अँपिअर-अवर' (बॅटरीची क्षमता) लिहिलेला पॅक होता, स्वस्त. उचलला तर हलका वाटला. शेजारच्या भाजीवाल्याकडे काट्यावर ठेवला: १ किलो ९०० ग्रॅम. साधा २,६०० मिलीअँपिअर-अवरचा सेल धरला तर १३ साठी दर गटात पाच, म्हणजे ५० सेल लागतात. एक सेल सुमारे ४५ ग्रॅमचा, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन सव्वादोन किलो. वर पत्र्याची पेटी आणि सर्किट. मग हे १ किलो ९०० मध्ये बसलं कसं? दुकानदार म्हणाला, "लिथियम हलकंच असतं." भाजीवाला मात्र माझ्याकडे बघून हसला. वजनात मारणं काय असतं, हे त्याला नवीन नव्हतं.

दुसरीकडे १०.४ चा पॅक मिळाला. ४० सेल, अडीच किलोच्या वर, चावीने निघणारा, बाटलीच्या स्टँडच्या दोन स्क्रूंवर बसणारा. चार्जरसह ₹१४,०००.

८ मार्च

पार्सल आलं. मोटरसकट विणलेलं चाक, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी पेटी), डिस्प्ले, थ्रॉटल (हातातला अॅक्सिलरेटर), पॅडलचा सेन्सर, ब्रेकचे दोन लिव्हर. ₹१५,५००.

पाच मिनिटांत घोळ कळला. माझ्या जुन्या चाकावर गिअरच्या आठ दातेरी चकत्यांची कॅसेट आहे, ती खाचांवर सरकवून बसते. मोटरच्या हबवर आटे आहेत, त्यावर आट्यांचं फ्रीव्हीलच लागतं. चाक, अंतर, व्होल्ट सगळं मोजलं आणि हेच पाहिलं नाही. सात चकत्यांचं फ्रीव्हील ₹४८० ला आणलं. आठचा शिफ्टर (गिअर बदलायचा खटका) सातवर चालवून पाहिला. चार गिअर नीट पडत होते, पुढे चेन दोन चकत्यांच्या मध्ये करकरत राहायची. अर्धा दिवस केबल ताणून-सोडून बघितला आणि शेवटी सातचा शिफ्टर घेतला, ₹७५०. पहिल्या दिवशीच घेतला असता तर शनिवार वाचला असता.

१४ मार्च, धुळवड

खाली मुलं रंग खेळत होती, मी तिसऱ्या मजल्यावर काळा झालो.

चाक बसवलं. आसाचे नट १८ च्या पान्याने लागतात, तो घरात नसतो आणि धुळवडीला दुकानं बंद. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे जुना रिंग पाना निघाला.

मोटरच्या वायरचा जोड गोल, आत नऊ बारीक पिना. जोडाच्या दोन्ही अर्ध्यांवर बाण असतात, ते समोरासमोर आणून सरळ दाबायचं. मी बाण पाहिले नाहीत, फिरवून दाबलं. चालू केलं तर मोटर गुरगुरायची, थरथरायची आणि फिरायची नाही. आत हॉल सेन्सर असतात, मोटरचा फिरता भाग कुठे आहे ते तेच कंट्रोलरला सांगतात. त्यातल्या एकाची पिन वाकली होती. बायकोच्या भुवयांच्या प्लकरने, टॉर्च दातात धरून, ती सरळ केली. नवा प्लकर आणून देणं लागतो.

१६ मार्च

मागची डिस्क बसवली तर ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग) मोटरच्या पोटाला घासतो. मोटरचं पोट साध्या हबपेक्षा फुगीर. डिस्कखाली पातळ वायसर, कॅलिपरच्या स्क्रूखाली दोन, असं करत दीड मिलिमीटर जागा काढली. वायसर ₹६० चे, वेळ चार तास.

किटसोबतचे ब्रेक लिव्हर आळस करून टाळू नका. त्यांच्यात मोटर बंद करणारा स्विच असतो. पॅडलचा सेन्सर फक्त पाय फिरताहेत की नाही एवढंच बघतो, किती जोर लावताय ते नाही. त्यामुळे पाय थांबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते. सिग्नलला पुढच्या रिक्षाला टेकायला तो क्षण पुरतो.

२३ मार्च

ऐरोलीपर्यंत फेरी. परत येताना मागून कटकट. घरी पाहिलं तर आस खाचेत किंचित फिरला होता, नट सैल, वायर आसापाशी पिळलेली. 'टॉर्क आर्म' नावाची लोखंडी पट्टी असते. ती आसाला धरते आणि फ्रेमला बांधली जाते. "२५० वॉटला लागत नाही" असं दुकानदार म्हणाला होता आणि मला ते ऐकायला बरं वाटलं होतं. ₹३५०. आणखी थोडा फिरला असता तर वायर तुटली असती, आणि ती आसाच्या आतून जाते. म्हणजे अख्खी मोटर उघडायची.

३० मार्च, पाडवा

हँडलला साखरेची गाठी बांधली. सासरे म्हणाले, "इतक्या पैशात बजाजची स्कूटर यायची." कोणत्या साली, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी महाप्यापर्यंत पूर्ण फेरी. जाताना थ्रॉटलवर, पाय न हलवता, घणसोली-तळवलीच्या उड्डाणपुलावरूनही ऐटीत. येताना समोरून खाडीकडचा वारा. डिस्प्लेवर बॅटरीच्या दोन दांड्या होत्या, चढ आला की एक, सपाटीला पुन्हा दोन. दिघ्याला सगळंच विझलं. १८-१९ किलोमीटर झाले होते. उरलेलं पायाने. मोटर मोकळी फिरते, हे फेब्रुवारीत बरं सुचलं.

कारणं दुसऱ्या दिवशी कळली. टायर जुने, खडबडीत गोट्यांचे, मातीच्या रस्त्याचे. हवा कमी. सगळा वेळ थ्रॉटल. आणि डिस्प्लेच्या दांड्यांवर ठेवलेला विश्वास. आता दांड्यांऐवजी व्होल्टचा आकडा दिसेल अशी सेटिंग केलीय. चालताना ३६ च्या खाली जायला लागला की घर जवळ असावं.

३ एप्रिल

गुळगुळीत पट्ट्याचे, आत पंक्चररोधक थर असलेले टायर घातले, जोडी ₹२,४००. ऑफिसचा पहिला दिवस. मोटरच्या मदतीच्या पाच पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवर, पॅडल मारत. ४० मिनिटं. घाम आला, पण ट्रेनमध्ये यायचा तेवढा नाही.

ऑफिसात चार्जिंगला परवानगी मिळाली नाही. जाऊन-येऊन २२ किलोमीटर एका चार्जवरच निघायला हवेत. घरी परतल्यावर प्लगला छोटं मीटर लावून बघितलं (₹६००), बॅटरी भरायला ०.२८ युनिट गेलं. पॅक रिकामा असेल तरी अर्ध्या युनिटच्या आत भरतो. विजेच्या खर्चाबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

१७ एप्रिल

बॅटरी काढून वर आणतो, सायकल खाली मीटररूमपाशी जाड साखळीने बांधतो (₹९००). कुणाला तरी वाटलं मी मीटररूममधून वीज घेतो. सेक्रेटरी काका घरी आले. त्यांना बॅटरी दाखवली, चार्जर दाखवला. मग त्यांची खरी भीती बाहेर आली: "ते व्हिडिओत फुटतात तसं नाही ना?" भीती अगदीच खोटी नाही. आमचे नियम सांगितले: हॉलमध्ये फरशीवर चार्ज होते, दाराच्या वाटेत नाही, गादी-सोफ्यावर नाही, आणि सगळे झोपल्यावर नाही. चार्जर २ अँपिअरचा आहे, रिकामी बॅटरी भरायला पाच तासांच्या वर लागतात. रोज ती पूर्ण रिकामी होत नाही, त्यामुळे मी सातला आलो की बाराच्या आत बंद. पाणी लागलेली असेल तर आधी पुसून, सुकू देऊन. काका चहा पिऊन गेले.

तिसऱ्या मजल्याचं म्हणाल तर अडीच किलो उचलणं आणि साडेएकवीस उचलणं यात रोजचा फरक आहे. तयार ई-सायकल घेऊन वर चढवली असती, तर महिन्याभरात तीही टॉवेल वाळवत बसली असती.

६ मे

रबाळ्याला मागचं पंक्चर. टायरच्या थरातूनही तारेचा तुकडा आत. या रोडवर ट्रकांच्या टायरातल्या तारा पसरलेल्या असतात. पंक्चरवाल्याने मोटर पाहून हात वर केले: "हे चाक मी खोलणार नाही." त्याचंही बरोबर. पण चाक काढावं लागत नाही. सायकल आडवी करायची, एका बाजूने टायर उतरवायचा, ट्यूब तेवढीच बाहेर ओढायची, भोक शोधून ठिगळ लावायचं. हे त्याला सांगितल्यावर दहा मिनिटांत झालं. आता १८ चा पाना, दोन टायर लिव्हर आणि ठिगळं पिशवीत असतात.

त्याच वेळी लक्षात आलं, मागच्या चाकाचे चार स्पोक सैल. मोटरचं चाक पहिल्या काही शे किलोमीटरला तारा सैल करतं. कळव्यातल्या सायकलवाल्याने ₹२०० घेऊन तारा ताणून चाकाचा आउट (डगमग) काढून दिला.

२६ मे

मान्सून आजच मुंबईत, कधी नव्हे इतका लवकर. माझे मडगार्ड जूनच्या पहिल्या आठवड्यात बसणार होते.

कळव्याहून दिघ्याकडे जायचं तर विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून जावंच लागतं, आणि तिथे पाणी भरतं. सकाळी पोटरीइतकं होतं. एक स्कूटर मध्येच बंद पडलेली. माझ्या मागच्या चाकाचा आस जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटरवर. पाणी त्याच्या वर गेलं की मोटर बुडाली. पावसाचे शिंतोडे ती झेलते, बुडवणं तिच्यासाठी नाही. मी पायाच्या नडगीवर बोट लावून मोजत होतो, मागचे हॉर्न वाजवत होते. फिरलो, घरी आलो, ट्रेन. सव्वा तासाऐवजी दोन तास दहा मिनिटं.

१५ जून

डिस्प्ले दमट दिसतो, थ्रॉटल कधीकधी मरतो. शोधल्यावर सापडलं: हँडलकडून येणारी वायर सरळ उतरत कंट्रोलरच्या पेटीत शिरते, पाणी तिच्यावरून घरंगळत आत जातं. वायरला पेटीच्या आधी खाली झोळ दिला. थेंब आता झोळाच्या तळाशी गळून पडतात. मोटरच्या वायरलाही तसंच. जोडांवर रबरी टेप. बॅटरी खड्ड्यांत खडखडायची, तिच्या बुडाशी जुन्या ट्यूबची पट्टी घातली, आवाज गेला.

चालू पावसात जाणं बंद केलंय. कारण मोटर नाही, दिघ्याचे खड्डे. पाणी साचलं की खड्डा किती खोल ते कळत नाही, आणि डावीकडे कंटेनर कधी सरकेल तेही. जूनमध्ये आतापर्यंत सहा दिवस सायकल, बाकी ट्रेन.

२९ जून

हिशोब. किट १५,५००, बॅटरी १४,०००, फ्रीव्हील-शिफ्टर १,२३०, टॉर्क आर्म आणि वायसर ४१०, टायर २,४००, दिवे आणि आरसा १,३५०, साखळी ९००, मीटर ६००, आउट काढण्याचे २००. एकूण ₹३६,५९०, जुनी सायकल फुकट धरून. याच पैशात तयार, वॉरंटीची ई-सायकल मिळाली असती. लिफ्ट असती किंवा पार्किंगमध्ये प्लग असता तर तीच घेतली असती, आणि सहा शनिवार-रविवार घरच्यांबरोबर गेले असते.

ब्रेक पॅड पुढचे संपलेत, वजन वाढलं की ते लवकर झिजतात. बुधवारी बदलायचे. मडगार्ड अखेर बसवले, मागचा टायरला घासतो. आजही पाऊस होता, मीटररूमपाशी अंधारात वाकून बघितलं, मडगार्डची पट्टी दोन सेंटिमीटर कापावी लागेल. कातरी वर राहिली होती. परत चढलो नाही.